चाळीस मजल्यांचा कारभार



दिवाळीत मी गावी गेलो म्हणजे संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार मंडळी जमतात. दोन वर्षांमागे माझा चुलत पुतण्याही तेव्हाच रजेवर आला होता. आयटीआय झालेला पोरगा, मुंबईला लागून तीनच वर्षे झालेली. परळकडे पूर्वी जिथे गिरण्यांची धुराडी होती, तिथे आता काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतल्या एका चाळीस मजली, निव्वळ कचेऱ्यांच्या इमारतीत तो नोकरी करतो. आमच्या अण्णांनी त्याला विचारले, "काय काम असतं रे तुला तिथं?"

"बीएमएस ऑपरेटर आहे, आजोबा. तळघरात स्क्रीनपुढं बसतो."

"बसून करतोस काय?"

"बघतो."

सगळा ओटा हसला. नुसते बघायचा पगार मिळतो म्हणून कुणी त्याची पाठ थोपटली. पोरगा ओशाळला आणि आत निघून गेला. मला मात्र ते हसणे लागले. माझी स्वतःची तीस वर्षे असल्याच तळघरांत गेली आहेत. तो काय बघतो, आणि न बघितले तर काय होते, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी ओट्यावर नीट सांगता आले नाही, ते आज आपल्याला सांगतो.

बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम. आपण तिला इमारतीचा कारभार म्हणू. एका मजल्यावर दीडशे माणसे धरा. चाळीस मजल्यांवर सहा हजार झाली. म्हणजे सहा हजार वस्तीचे गावच एकावर एक रचून ठेवले आहे. पण आपल्या गावात वारा फुकट वाहतो, उजेड फुकट मिळतो आणि घरी जायला चालत जावे लागते, एवढेच. तिथे खिडकी उघडत नाही. श्वासाला लागणारी हवासुद्धा पंख्याने आत घ्यावी लागते. वीज गेली आणि जनरेटर लागला नाही, तर त्या सहा हजारांना पाच मिनिटांत कोंडल्यासारखे होते.

आता पाण्याचेच पहा. आपल्या गावच्या टाकीखाली नळ सोडला की पाणी जोरात येते, कारण टाकी उंच आहे. हिशेब सोपा आहे : दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलोचा दाब. चाळीस मजली इमारत सुमारे १६० मीटर उंच असते. गच्चीवरच्या टाकीतून सरळ एक पाइप तळमजल्यापर्यंत आणला, तर खालच्या नळावर १६ किलोचा दाब येईल. तोटी टिकणार नाही, हाताखाली धरलेला पेला फुटेल. म्हणून मधल्या मजल्यांवर टाक्या ठेवाव्या लागतात, नाही तर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. प्रत्येक टप्प्याचा पंप वेगळा, प्रत्येक टाकीची पातळी वेगळी, आणि कुठली टाकी भरली, कुठली रिकामी झाली हे कुणीतरी सतत पाहिले पाहिजे.

हवेचे त्याहून अवघड. सकाळी पूर्वेच्या काचांवर ऊन येते, दुपारनंतर पश्चिमेच्या. एकाच मजल्यावर एका बाजूचा कारकून घामाघूम होतो आणि दुसऱ्या बाजूची बाई शाल पांघरून बसते. तळघरात किंवा गच्चीवर चिलर नावाचे मोठे यंत्र पाणी थंड करते. ते पाणी साधारण ७ अंशांवर निघते, मजल्या-मजल्यावरून फिरते आणि तिथली उष्णता घेऊन १२ अंशांच्या आसपास परत येते. प्रत्येक मजल्यावर हवा फिरवणारा मोठा पंखा असतो, त्याला एएचयू म्हणतात. त्याच्यापुढे हे थंड पाणी नळ्यांतून जाते. किती पाणी सोडायचे ते व्हॉल्व्हवर ठरते, किती ताजी हवा घ्यायची ते डँपरवर, म्हणजे उघडझाप करणाऱ्या झडपेवर. हा व्हॉल्व्ह आणि ही झडप दिवसभर थोडीथोडी हलवत राहायची. हे माणसाने करायचे म्हटले, तर मजल्याला एक माणूस लागेल.

नेमके हेच काम माणसाने करावे लागत होते, आणि त्यातून सुटका एका शिक्षकाने केली. ही गोष्ट गुरुजींनी अवश्य वर्गात सांगावी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षकांना तयार करणारी शाळा होती, आपल्याकडच्या ट्रेनिंग कॉलेजासारखी. तिथे वॉरन जॉन्सन नावाचे अध्यापक होते. थंडीचा मुलूख; वर्ग तापवण्याची भट्टी खाली तळघरात. शिपाई ठराविक वेळाने वर्गात यायचा, तापमान पाहायचा, आणि पुन्हा खाली जाऊन झडपा फिरवायचा. दर वेळी दार वाजायचे, मुलांचे लक्ष उडायचे, शिकवण्याचा धागा तुटायचा. जॉन्सनसाहेबांनी वर्गात तापमान दाखवणारे असे एक विजेचे यंत्र केले की वर्ग थंड किंवा गरम झाला, तर खाली तळघरातच शिपायाला खूण मिळावी. १८८३ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले, आणि १८८५ मध्ये मिल्वॉकी शहरात कंपनी काढली. आज जगभरच्या उंच इमारतींत जे चालते, त्याचे मूळ या वर्गातल्या त्रासात आहे. शिपाई मात्र कामावरून गेला नाही, हे लक्षात ठेवा. त्याची फक्त पायपीट वाचली.

पुढे वाऱ्याच्या दाबावर चालणारी यंत्रे आली, मग विजेची, आणि साधारण १९७० च्या सुमारास संगणक आला. तेव्हा लोकांना वाटले, आता एकच मोठा मेंदू तळघरात ठेवू, सगळ्या मजल्यांच्या तारा तिथे आणू, आणि सगळे निर्णय तोच घेईल. दिसायला हे फार नीटनेटके होते. पण हिशेब करून पहा. मजल्यावर तापमान, व्हॉल्व्ह, झडप, पंखा, दिवे, विजेचे मीटर अशा पन्नास गोष्टी मोजायच्या धरल्या, तरी चाळीस मजल्यांच्या दोन हजार झाल्या. तळघर आणि गच्चीच्या पाचशे मिळवा. त्या मेंदूने प्रत्येकाला दर सेकंदाला विचारायचे, 'तुझे काय चालले आहे?' चाळीसच्या जागी साठ मजले झाले की मेंदू दमतो. आणि तो एकदा बंद पडला की चाळीसही मजले एकदम आंधळे!

यावर जो उपाय निघाला तो आपल्या माणसांना नवा वाटू नये. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटत आले आहेत. तिथे पाटकरी असतो. कुठल्या शेताला पाणी कधी लावायचे ते तो बांधावर उभा राहून पाहतो आणि तिथेच ठरवतो. प्रत्येक वाफा भरला की गावच्या पंचांना विचारायला जात नाही. बंधाऱ्यात पाणीच कमी आले, किंवा तंटा झाला, तर मात्र पंच बसतात. उंच इमारतीचा कारभार असाच बांधावा लागतो. १९८० नंतर संगणकाचा लहानसा मेंदू स्वस्त झाला, तेव्हा प्रत्येक मजल्याला, किंबहुना प्रत्येक मोठ्या पंख्याला, आपापला कंट्रोलर देता येऊ लागला. मजल्याचे तापमान सांभाळणे हे त्या मजल्याच्या कंट्रोलरचे काम. तळघरातला संगणक त्याला 'आज सुट्टी आहे, उद्या सकाळी आठला चालू हो' एवढेच सांगतो. आणि कंट्रोलरने वर काय कळवायचे? तापमान अर्ध्या अंशाने बदलले तर कळव, नाही तर गप्प बस. एवढ्या एका नियमाने तारांवरची गर्दी कितीतरी ओसरते.

याची खरी परीक्षा मी एकदा रात्री पाहिली. आपल्याकडे भारनियमनानंतर वीज आली की काय होते, ते शेतकऱ्यांना सांगायला नको. सगळ्यांच्या मोटारी ऑटो स्विचवर असतात. वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, दाब पडतो, आणि डीपी जळते. मग आठ दिवस पिकाला पाणी नाही. मी काम करीत होतो त्या एका इमारतीत नेमके तेच झाले. शहराची वीज गेली, जनरेटर लागला, आणि चाळीस मजल्यांचे पंखे एकदम उठले. जनरेटर बसला. तो पुन्हा लावला, पुन्हा बसला. 'पाच मजले उठव, थांब, पुढचे पाच उठव' असे सांगण्याचे काम तळघरातल्या संगणकाकडे दिले होते, आणि तोच वीज गेल्यामुळे बंद पडून पुन्हा उठत होता! त्याला जागे व्हायला सात मिनिटे लागली. त्या सात मिनिटांत लिफ्टमध्ये दोन ठिकाणी माणसे अडकून होती. त्यांतल्या एका बाईंना सातवा महिना होता. सगळे सुखरूप बाहेर आले. पण ती सात मिनिटे मी विसरलेलो नाही. चूक कामगाराची नव्हती. ज्यांनी आराखडा केला त्यांची होती, आणि त्या आराखड्यावर माझीही सही होती.

नंतर आम्ही काय केले, तर प्रत्येक मजल्याच्या कंट्रोलरमध्येच त्याचा क्रमांक टाकला. वीज आली की तो स्वतःच मोजतो : माझा मजला तेविसावा, मला एवढे सेकंद थांबायचे आहे. कुणाला विचारायचे नाही. उद्या इमारतीला आणखी दहा मजले चढले, तर तेही आपापले आकडे मोजतील.

'वाढीला वाव असलेली यंत्रणा' असे इंजिनियर लोक म्हणतात, ते हेच. बहुतेकांना वाटते, मोठा संगणक घेतला की वाव झाला. तसे नाही. कचेऱ्यांची इमारत एका दिवशी भरत नाही. पहिली दोन वर्षे अर्धे मजले रिकामे असतात. मग कुणी एक मजला घेतो, कुणी एकदम तीन घेऊन मधून जिना काढतो. बँक आली की तिची संगणकांची खोली रात्रंदिवस थंड लागते. दर पाच-सात वर्षांनी भाडेकरू बदलतो आणि आतल्या भिंती पाडतो. अशा वेळी एका मजल्याचे पॅनेल काढून नवे लावले, तरी शेजारच्या मजल्याला त्याचा पत्ता लागू नये. तारांचेही तसेच. एकाच तारेवर सगळे मजले माळेसारखे ओवले, तर मध्ये कुठे तुटली की पुढचे सगळे मुके. जुन्या प्रकारच्या तारेवर ३२ उपकरणे आणि १२०० मीटर लांबी असा हिशेब असे. ठेकेदार नेमकी ३२ लावून मोकळा होई. मी वीसावर थांबत असे. त्यावरून माझी पुष्कळ भांडणे झाली आहेत. दहा वर्षांनी त्या मोकळ्या बारा जागा कामी आल्या, तेव्हा भांडणारा ठेकेदारही नव्हता आणि शाबासकी देणारा साहेबही नव्हता.

आणखी एक गोष्ट, जी कुणी पुस्तकात फारशी लिहीत नाही : नावे. अडीच हजार वस्तूंना नावे द्यायची असतात. एक म्हणतो 'पंखा १', दुसरा म्हणतो 'एएचयू पूर्व', तिसरा म्हणतो 'नवा फॅन'. पाच वर्षांनी तळघरातल्या माणसाला काही कळत नाही. आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर गट नंबर असतो. 'आंब्याखालची जमीन' असे लिहून भागत नाही, कारण आंबा एक दिवस पडतो. इमारतीतही आधी मजला, मग बाजू, मग यंत्र, मग मोजायची गोष्ट, अशी एकच ओळ ठरवावी आणि एकाही माणसाला ती मोडू देऊ नये. हे काम पहिल्या आठवड्यात केले तर एका वहीत होते. मागाहून करायचे म्हटले तर सहा महिने जातात.

भाषेचाही असाच प्रश्न होता. चिलर एका कंपनीचा, पंख्याचे कंट्रोलर दुसरीचे, दिव्यांचे तिसरीचे. आणि प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्याच भाषेत बोलणार. एकदा एकीचा माल घेतला की जन्मभर तिच्याशी लग्न! १९८७ साली अमेरिकेतील वातानुकूलन इंजिनियरांच्या संस्थेने, अश्रेने, यावर समिती नेमली. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल न्यूमन तिचे अध्यक्ष होते. आठ वर्षांच्या खटाटोपानंतर १९९५ मध्ये 'बॅकनेट' नावाची सामाईक भाषा ठरली, आणि २००३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकही झाली. आज निरनिराळ्या देशांतली यंत्रे एकमेकांशी बोलतात ती बहुधा याच भाषेत.

तिच्यात एक गोष्ट मला फार आवडते. एकाच पंख्याला एक जण म्हणाला चालू हो आणि दुसरा म्हणाला बंद हो, तर ऐकायचे कुणाचे? यासाठी सोळा पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली पायरी सर्वांत वरची : जीव वाचवण्यासाठी माणसाने हाताने दिलेला हुकूम. दुसरी, जीव वाचवण्यासाठी यंत्राने आपोआप दिलेला हुकूम. पाचवी मौल्यवान यंत्राच्या रक्षणाची. आठवी तळघरातल्या ऑपरेटरच्या हाताची. रोजचे वेळापत्रक अगदी खाली, सोळाव्यावर ठेवले तरी चालते. वरच्या पायरीवर हुकूम असेपर्यंत खालचा कुणी ऐकत नाही. आणि वरच्याने आपला हुकूम मागे घेतला, की खालचा आपोआप लागू होतो. धूर दिसला की खर्च वाचवणारे वेळापत्रक मुकाट्याने बाजूला होते. माणसांच्या कारभारात एवढी स्पष्टता मी क्वचितच पाहिली.

पण 'मागे घेतला' या शब्दांत सगळी मेख आहे. एका इमारतीत पावसाळ्यात अकराव्या मजल्यावर भिंतींना ओल आली, म्हणून ऑपरेटरने पंखा हाताने चालू ठेवला, म्हणजे आठव्या पायरीवर. ओल वाळली, ऑपरेटर नोकरी सोडून गेला, हुकूम राहिला. तो पंखा रात्री, रविवारी, गणपतीच्या सुट्टीत, रिकाम्या मजल्यावर चौदा महिने फिरत होता. वेळापत्रक रोज संध्याकाळी त्याला 'बंद हो' म्हणत होते, आणि पंखा आठव्या पायरीकडे बोट दाखवत होता. आता प्रत्येक हाताच्या हुकुमाला मुदत घालावी असा माझा आग्रह असतो. आठ तास झाले की आपोआप रद्द. पुन्हा पाहिजे असेल तर पुन्हा दे.

पंखा फिरतच राहिला तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. गुरुजी, इथे फळ्यावर एक गणित घाला. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याला वीज निम्मी लागत नाही. जवळजवळ आठवा हिस्सा लागते. एक द्वितीयांशचा घन, म्हणजे एक अष्टमांश. वेग शंभरावरून ऐंशीवर आणला, तर ०.८ चा घन ०.५१२, म्हणजे वीज निम्म्यावर येते. वेग फक्त पाचव्या हिश्शाने कमी करा आणि निम्मी वीज वाचवा! पण कुठल्या मजल्यावर केव्हा वेग कमी करायचा, हे कळायला मजल्या-मजल्याचे मोजमाप पाहिजे. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची, १०२ मजल्यांची. २००९ मध्ये तिची वीज वाचवण्याची मोठी योजना हाती घेतली, तेव्हा मोठे चिलर मागवण्याआधी त्यांनी सुमारे साडेसहा हजार खिडक्या काढून त्याच इमारतीत पुन्हा तयार केल्या, म्हणजे त्यांतून कमी उष्णता येईल. मग नियंत्रणाची यंत्रे नवी घातली. गरजच घटल्यामुळे जुन्याच चिलरांची डागडुजी करून भागले. एकूण ३८ टक्के ऊर्जा वाचवण्याचा त्यांचा हिशेब होता. विहिरीवर मोठी मोटार बसवण्याआधी पाटाची गळती बुजवावी, हे आपल्याकडे कुणालाही सांगावे लागत नाही. तिथे त्यासाठी पुष्कळ इंजिनियर बसले होते, एवढेच.

आता जिवावरची गोष्ट सांगतो.

४ मे १९८८ ची रात्र. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात फर्स्ट इंटरस्टेट बँकेची ६२ मजली इमारत होती. बाराव्या मजल्यावर आग लागली. धूर ओळखणारी यंत्रे तिथे होती, आणि त्यांनी आपले काम केले : खाली पहाऱ्यावर घंटा वाजली. पहारेकऱ्यांनी ती बंद करून यंत्रणा पूर्ववत केली. पुन्हा वाजली, पुन्हा बंद केली. मग काय आहे ते पाहायला देखभाल खात्याचा एक माणूस लिफ्टने वर गेला. लिफ्ट बाराव्या मजल्यावर थांबली आणि दार उघडले ते आगीच्या तोंडावर. तो माणूस परत आला नाही. अग्निशमन दलाला पहिली वर्दी मिळाली, ती इमारतीतून नव्हे. बाहेरच्या लोकांनी ज्वाळा पाहून फोन केले. बारा ते सोळा असे पाच मजले जळाले. आणि मन विषण्ण होते ते हे की पाण्याचे फवारे बसवण्याचे काम त्या इमारतीत बहुतेक पुरे होत आले होते. नळ होते, तोट्या होत्या. पाणी वाहू लागले की सूचना देणारी जोडणी तेवढी राहिली होती, म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवले होते.

म्हणजे यंत्र बोलले होते, पण ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसला नाही. बारावा मजला, एकामागून एक चार ठिकाणी धूर, असे जर पहारेकऱ्यासमोर ठसठशीत आले असते, तर घंटा बंद करायला त्याचा हात धजला असता काय?

म्हणून आगीची यंत्रणा आम्ही इमारतीच्या रोजच्या कारभारात मिसळत नाही. तिचे पॅनेल वेगळे, तिच्या तारा वेगळ्या, तिची बॅटरी वेगळी. कारभारी यंत्रणा तिचे ऐकते. तिला हुकूम देत नाही. धूर दिसल्याची वर्दी आली की त्या मजल्याचा पंखा थांबला पाहिजे, नाही तर तोच धूर सगळीकडे पोचवतो. जिन्यात बाहेरची हवा दाबून भरणारे पंखे सुरू झाले पाहिजेत, म्हणजे दार उघडले तरी धूर जिन्यात शिरत नाही. लिफ्ट खाली येऊन दारे उघडून उभ्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे बाराव्या मजल्यावर पाहायला जाण्याचा मोहच कुणाला होऊ नये. हे सगळे तळघरातला संगणक बंद असला तरी झाले पाहिजे. ही परीक्षा संगणकाचा प्लग खरोखर काढून घ्यावी लागते. मालक नाखूश असतात, भाडेकरू कुरकुरतात. तरी घ्यावी.

दिवाळीनंतर पुतण्या मला म्हणाला, "काका, एकदा आमच्याकडं येऊन बघा." मी गेलो. तळघरात त्याच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचनांची यादी सरकत होती. मी मोजल्या, चारशे बारा होत्या. फिल्टर मळला, दिवा लागला नाही, तापमान एका अंशाने वाढले, कुणाचे दार उघडे राहिले, रिकाम्या मजल्यावरचा सेन्सर सापडत नाही. सगळ्या सारख्याच लाल. टेबलाखाली बझर होता, त्याच्या तोंडात कुणीतरी चिंधी कोंबली होती. पोरगा लाजून म्हणाला, "मी नाही कोंबली. मी आलो तेव्हापासून आहे." मला लॉस एंजेलिस आठवले. त्याच्या साहेबांना मी एवढेच म्हटले की आमच्या पोराला बघायला बसवले आहे, पण बघण्यासारखे काही ठेवले नाही.

साहेब भला माणूस निघाला. महिनाभर त्या दोघांनी यादी घेऊन एकेका ओळीला विचारले : ही सूचना आली तर रात्री दोन वाजता कुणाला उठवायचे? उत्तर 'कुणालाच नाही' असेल, तर तिला लाल रंग नाही आणि बझरही नाही. ती सकाळच्या कागदावर येईल. रिकाम्या मजल्यांच्या सूचना मजला भाड्याने जाईपर्यंत झाकून ठेवल्या. एकाच पंपाच्या सहा तक्रारींची एक केली. शेवटी लाल अशा अकरा उरल्या. प्रत्येकीपुढे काय करायचे ते मराठीत दोन ओळींत लिहिले, आणि फोन कुणाला करायचा तेही. चिंधी पुतण्याने स्वतः ओढून काढली.

बाहेरचे दारही तेव्हाच तपासले, हे जाता जाता सांगतो. चिलर दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराला घरबसल्या यंत्रणेत शिरायला परवलीचा शब्द दिलेला होता, आणि तो चार वर्षांत बदललेला नव्हता. अमेरिकेत २०१३ साली एका मोठ्या दुकानांच्या साखळीत चोर शिरले, ते वातानुकूलनाच्या ठेकेदाराला दिलेल्या अशाच शब्दाच्या आधाराने. आणि सुमारे चार कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती गेली. इमारत शंभर कुलपांची असली तरी मागची खिडकी ठेकेदाराच्या खिशात असते.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मुंबईत रात्रभर पाऊस होता. पुतण्याची रात्रपाळी होती. पावणेतीनला बझर वाजला. अकरांतली एक ओळ : तळघर दोन, पंप घर, फरशीवर पाणी. तो सांगतो, "काका, मला पहिल्यांदा वाटलं खोटंच असेल. पण यादीत अकराच आहेत, म्हणून उठलो." जाण्याआधी त्याने लिहिल्याप्रमाणे फोन केला, मग बरोबर एक माणूस घेऊन जिन्याने खाली गेला. पाणी घोट्यापर्यंत आले होते. उपशाच्या पंपाचा फ्लोट कचऱ्यात अडकला होता. आगीच्या पंपाची मोटार वीतभर वर होती. त्याने काठीने फ्लोट सोडवला, पंप सुरू झाला, आणि पाच वाजता फरशी कोरडी झाली. सकाळी आठला सहा हजार माणसे आली आणि लिफ्टने वर गेली.

अण्णांना हे मी अजून सांगितलेले नाही. यंदा दिवाळीत ओट्यावर बसलो की सांगेन.